सगळी चर्च सारखीच? एकदा इलोइलोला जाऊन या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत फिलिपिन्सवर जो लेख आलाय तो वाचून हे पत्र लिहितोय. थोडं लांबेल, कात्री लावायची तर लावा, पण खाण्याच्या भागाला लावू नका एवढीच विनंती. लेखातलं बीचचं वर्णन ठीकच आहे, बोराकाय, पलावान, निळं पाणी, पांढरी वाळू, कोण नाही म्हणेल. पण शेवटी शेवटी लेखकानं दोन वाक्यं अशी टाकून दिलीत की राहवत नाही. एक म्हणजे जुनी चर्च सगळी सारखीच, एक बघितलं की झालं. आणि दुसरं म्हणजे तिथे जेवणाचे हाल होतात, सोबत खाऊचा डबा न्या. आणि गंमत बघा, त्याच लेखात मियागाओचं चर्च म्हणून जो फोटो छापलाय तो मियागाओचा नाहीच, तो पावायच्या चर्चचा आहे! सगळी सारखीच म्हटल्यावर कुठलाही फोटो चालतो म्हणा.

आता हा फरक काही बारीकसारीक नाहीये. पावाय आहे लुझॉन बेटाच्या पार उत्तरेला, इलोकोस नोर्ते प्रांतात. मियागाओ आहे पानाय बेटावर, इलोइलो प्रांतात, मध्ये समुद्र. दोन्ही १९९३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली, फिलिपिन्समधली एकूण चार बरोक (म्हणजे भरगच्च नक्षीच्या जुन्या युरोपीय शैलीतली) चर्च त्यात एकत्र घेतली होती, बाकीची दोन म्हणजे मनिलाच्या इंत्रामुरोसमधलं सान आगुस्तिन आणि इलोकोस सुरमधलं सांता मारियाचं. पावाय ओळखायचं म्हणजे बाजूच्या भिंतींना बाहेरून लावलेले ते प्रचंड धिरे बघायचे, २४ आहेत, भूकंपात भिंत पडू नये म्हणून, आणि घंटेचा मनोरा चर्चपासून लांब एकटा उभा. मियागाओला मनोरे दोन, दर्शनी भिंतीला दोन्हीकडून चिकटलेले, जाडजूड, किल्ल्याच्या बुरुजासारखे, आणि दोघांची उंचीही सारखी नाही. एकदा बघितलं की आयुष्यात घोटाळा होणार नाही. (फोटो इंटरनेटवरून उचलला असेल तर निदान फोटोखालचं नाव तरी वाचायचं ना हो.)

आम्ही नवरा बायको इलोइलोला स्वतःचे स्वतः गेलो होतो, मनिलाहून विमानानं सव्वा तास वगैरे लागतो. बायको शाकाहारी आहे, मी नाही, हे आधीच सांगतो कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मियागाओचं चर्च १७८७ ला बांधायला घेतलं आणि १७९७ ला पुरं झालं. सेंट थॉमस ऑफ विलानुएवाच्या नावाचं. गावातली आधीची चर्च समुद्रातून येणाऱ्या हल्लेखोरांनी जाळली होती, दक्षिणेकडून होड्या यायच्या, माणसं पकडून गुलाम म्हणून न्यायच्या, म्हणून हे उंचावर बांधलं आणि भिंती अशा जाड की संकट आलं तर गाव आत येऊन बसेल. हे सगळं वाचून आपण जातो आणि मग समोर उभं राहिलं की ते किल्लाबिल्ला विसरायला होतं, कारण दर्शनी भिंतीवर वरच्या त्रिकोणात जे कोरलंय ते बघतच राहावं असं आहे. मधोमध सेंट क्रिस्टोफर, खांद्यावर बाळ येशू. ही गोष्ट युरोपातली, नदी पार करून देणारा धिप्पाड माणूस, तिकडच्या चित्रांत त्याच्या हातात काठी असते. इथे त्यानं धरलंय चक्क नारळाचं झाड! अंगावरचे कपडे तिथल्याच माणसाचे. आणि आजूबाजूला पपई आणि पेरूची झाडं, फळं लगडलेली. म्हणजे आराखडा पाद्र्यांचा, पण छिन्नी ज्याच्या हातात होती त्यानं आपल्या परसातलं कोरलं. झावळ्यांच्या रेघा बघा, पपईची पानं बघा, बघून बघून हात बसलेल्या माणसाचं काम आहे ते, पुस्तकातून उतरवलेलं नाही. आणि त्यातही एक मजा आहे, पपई आणि पेरू दोन्ही मूळ अमेरिकेकडचे, स्पॅनिश जहाजांतून आले आणि त्या काळापर्यंत इतके घरचे होऊन गेले की थेट चर्चवर जाऊन बसले.

अर्थात हे सगळं गोड गोड वाचू नका. स्पॅनिश अमलात पोलो नावाची वेठबिगार होती, १६ ते ६० वयाच्या पुरुषांनी वर्षातले ४० दिवस सरकारला फुकट राबायचं, १८८४ मध्ये ते १५ दिवसांवर आणलं. रस्ते, जहाजं, चर्च, सगळं त्यातून उभं राहिलं. पैसे भरू शकणारा सुटायचा, गरीब दगड वाहायचा. त्या भिंतीला हात लावून बघितला की दगड पिवळसर, खरखरीत, पोवळ्याच्या आणि शिंपल्यांच्या खुणा दिसतात काही ठिकाणी, हे कुणीतरी वाहून आणलंय. चुन्यात अंडी घातली होती असं तिथले लोक सांगतात.

आता ज्यासाठी मुख्य लिहायला बसलो ते. आम्ही तिथे होतो तेव्हा आपल्याकडच्या एका टूर कंपनीची बस आली. नाव सांगत नाही, सगळ्या सारख्याच (हे मात्र मी म्हणू शकतो, अनुभव आहे). मंडळी उतरली, मराठी ऐकून बरं वाटलं, बायको बोलायला पुढे पण गेली. पंधरा मिनिटं दिलेली. आत मास चालू होती, म्हणजे प्रार्थना, तरी दोघं तिघं मधल्या वाटेनं पार वेदीपर्यंत मोबाईल धरून गेले, एका आजींनी वळून बघितलं फक्त, बोलल्या काही नाहीत. मग बाहेर ग्रुप फोटो, आणि टूर मॅनेजरची आरोळी, चला चला, हॉटेलवर पोहे तयार आहेत! कंपनीनं स्वतःचा स्वयंपाकी नेलेला. बस गेली. समोर चौकाच्या पलीकडे बाजार, तिथे पातेल्यांतून वाफा निघतायत, आणि ह्यांना पोहे खायला एवढं लांब परत शहरात जायचंय.

पोह्यांना माझा विरोध नाही हो. पण ही गावं ज्यांनी आखली त्यांनीच चर्च आणि जेवण एकाच चौकात ठेवलंय. स्पॅनिश पद्धतीचं गाव म्हणजे मध्ये प्लाझा, एका बाजूला चर्च, एका बाजूला गावची कचेरी, आणि जवळच बाजार. चर्चमधून बाहेर पडलं की पाय आपोआप खाण्याकडेच वळतात, तिथल्या लोकांचे रविवारी वळतातच. ते अर्धं सोडून आलात तर चर्च बघितलं असं कसं म्हणायचं, आणि मग घरी येऊन सगळी सारखीच असं लिहायचं.

तर त्या बाजारात कारिंदेरिया असतात, म्हणजे छोट्या खानावळी. ॲल्युमिनियमची पातेली ओळीनं मांडलेली, झाकण उचलायचं, आत बघायचं, बोट दाखवायचं, मालकीणबाई वाटीत वाढतात. भात वेगळा, वाटीच्या मापानं उलटा केलेला. हातात चमचा आणि काटा, सुरी नसते. मी एक झाकण उचललं तर आत जांभळट काळपट रस्सा, म्हटलं हे काय, तर बाई म्हणाल्या केबीएल. कादियोस, बाबोय, लांका, ह्या तीन नावांची पहिली अक्षरं. बाबोय म्हणजे डुक्कर, ते सोडा. कादियोस म्हणजे आपली तूर! डाळ नाही, अख्खे दाणे, काळसर सालीचे, त्या सालीनं रस्सा जांभळा होतो. लांका म्हणजे कोवळा फणस, मोठे तुकडे, रेषा सुटेपर्यंत शिजवलेला. आणि आंबटपणाला बातवान नावाचं हिरवं गोल फळ टाकतात, ते कोकमाच्याच कुळातलं, म्हणजे खरोखर वनस्पतीशास्त्राप्रमाणे, दोन्ही गार्सिनिया. तूर, फणस आणि कोकमाचा भाऊ, आणि हे शिजतंय पानाय बेटावर एका चर्चच्या मागे. मी पहिला घास घेतला आणि बायकोला म्हटलं, डुक्कर काढलं तर ही आपल्या कोकणातल्या कुठल्याही घरची भाजी आहे. ती म्हणाली, काढलं तर ना. बरोबर आहे तिचं. पण बातवानचा तो आंबटपणा चिंचेसारखा अंगावर येत नाही, मागून येतो, आणि फणसात मुरतो, त्यासाठी मी परत परत गेलो त्या बाईंकडे. ह्या भागाबाहेरच्या फिलिपिनो लोकांना सुद्धा बातवान सहसा मिळत नाही, ते चिंच नाहीतर कालामान्सी लिंबू वापरतात, आणि इलोंगो, म्हणजे इलोइलोकडचे, लोक त्यावर नाक मुरडतात.

इलोइलो शहराला २०२३ मध्ये युनेस्कोनं गॅस्ट्रोनॉमीचं क्रिएटिव्ह शहर म्हणून निवडलंय, फिलिपिन्समधलं पहिलंच. जिथे जेवणाचे हाल होतात म्हणून तुमच्या लेखकानं खाऊचा डबा न्यायला सांगितलंय ते हे!

मियागाओहून पुढे अजून पश्चिमेला गेलं की सान होआकिन. टूरवाले इथपर्यंत येतच नाहीत. चर्च पांढऱ्या पोवळ्याच्या दगडाचं, समुद्राकडे तोंड करून, १८६९ मध्ये पुरं झालं. आणि दर्शनी भिंतीवर काय कोरलंय? संत नाहीत, देवदूत नाहीत, लढाई! घोडे, सैनिक, तलवारी, पडलेली माणसं. १८६० मध्ये स्पेननं मोरोक्कोत तेतुआन जिंकलं त्याचं दृश्य. आता पानाय बेटावरच्या कोळ्यांना तेतुआनशी काय देणंघेणं, पण पाद्री स्पॅनिश, त्यांना तो विजय इथे दगडात हवा होता. मियागाओत वेठबिगारीनं राबणाऱ्या माणसानं चर्चवर आपली पपई घुसवली आणि इथे सत्तरेक वर्षांनी भिंतीवर साहेबाची लढाई. ही दोन चर्च एकाच रस्त्यावर, शेजारशेजारच्या गावांत. आता म्हणा सारखीच.

येताना वाटेत गिम्बाल लागतं, तिथेही पिवळा दगड, शिवाय किनाऱ्यावर टेहळणीचे जुने बुरूज आहेत, होड्या दिसल्या की तिथून इशारा द्यायचे. तिगबाउआनच्या चर्चची दर्शनी बाजू म्हणजे नुसती नक्षी, इतकी वेलबुट्टी की डोळा ठरत नाही, मला स्वतःला जरा जास्तच वाटलं, बायकोला मात्र सगळ्यात तेच आवडलं. पेद्रो चिरिनो नावाच्या जेसुइट (हा एक कॅथलिक धर्मसंघ) पाद्र्यानं १५९२ मध्ये इथे मुलांसाठी निवासी शाळा काढली, जेसुइटांची फिलिपिन्समधली ती पहिली. आणि ओतॉन. तिथे आज जे चर्च दिसतं ते नवं आहे, जुनं होतं ते अधिक चिन्हाच्या आकाराचं, चारही भुजा सारख्या, ते जानेवारी १९४८ च्या भूकंपात गेलं. त्या भूकंपानं ह्या प्रांतातली कितीतरी चर्च पाडली किंवा खिळखिळी केली. मियागाओ त्यातूनही वाचलं. एवढं जाड का बांधलं हे तेव्हा कळतं.

हे सगळं जीपनीनं, म्हणजे तिथल्या लांब शेअर जीपनं, करा बरं का, टॅक्सी करू नका. शहराच्या पश्चिमेला मोहोन टर्मिनल आहे तिथून ह्या सगळ्या गावांच्या गाड्या सुटतात. गाडीत मागे बसलात तर पैसे पुढच्याच्या हातात द्यायचे, तो त्याच्या पुढच्याच्या, असं करत ड्रायव्हरपर्यंत जातात आणि सुटे पैसे तसेच हातोहात मागे येतात, एक पेसोसुद्धा कमी नाही. उतरायचं असलं की "लुगार लांग" म्हणायचं. तिथल्या लोकांचं बोलणं इतकं गाण्यासारखं आहे की भांडण चाललंय तरी कळत नाही.

आता शहरातलं. शहरात मोलो आणि हारो अशी दोन जुनी गावं आता पोटात आलीत आणि ह्या दोन चर्चची जोडी म्हणजे एक किस्साच आहे. मोलोचं सेंट ॲनचं चर्च एकोणिसाव्या शतकातलं, गॉथिक, दोन टोकदार मनोरे. आत गेलं की खांबाखांबावर मूर्ती, दोन्ही बाजूंनी मिळून १६, आणि सगळ्या बायका! एकही पुरुष नाही. मोनिका, तेरेसा, क्लारा, सेसिलिया, दातदुखीवाल्यांची अपोलोनिया, डोळ्यांची लुसिया, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांची मार्था. तिथले लोक गमतीनं फेमिनिस्ट चर्च म्हणतात. बायको मार्थासमोर बराच वेळ उभी होती, काय मागितलं विचारलं तर म्हणाली, मागितलं नाही, चौकशी केली. फिलिपिन्सचा राष्ट्रीय नायक होसे रिझाल ऑगस्ट १८९६ मध्ये दापितान गावातल्या हद्दपारीतून मनिलाला जाताना इथे येऊन गेला, त्याच वर्षी डिसेंबरच्या ३० तारखेला स्पॅनिश सरकारनं त्याला गोळ्या घातल्या.

आणि हारोच्या कॅथेड्रलमध्ये खांबांवर सगळे पुरुष संत! पण तिथे खरी मालकीण बाहेर आहे. दर्शनी भागावर बाल्कनी काढलीय, दोन्हीकडून जिने, आणि वर कांदेलारियाची दगडी मूर्ती, मेणबत्त्यांची माता. लोक जिना चढून जातात, काचेला हात लावतात, खाली मेणबत्त्या लावतात. मूर्ती हळूहळू वाढतेय अशी श्रद्धा आहे. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे स्वतः इथे आले आणि तिला मुकुट घातला. २ फेब्रुवारीला तिची जत्रा, तेव्हा जायचं असेल तर राहायची सोय फार आधी बघा. आणि घंटेचा मनोरा इथे चर्चला जोडलेला नाही, मध्ये वाहता रस्ता आणि मनोरा पलीकडच्या प्लाझात. १९४८ ला तो पण तुटला होता.

ह्या शहरात एवढे मोठमोठे वाडे आणि चर्च एकोणिसाव्या शतकात कुठून आले असं वाटलं तर त्याचं उत्तर साखर. इलोइलोचं बंदर १८५५ मध्ये परदेशी व्यापाराला खुलं झालं, पुढच्याच वर्षी निकोलस लोनी नावाचा इंग्रज व्हाइस कॉन्सल म्हणून आला. त्यानं इथून साखर न्यायला आणि तिकडून गिरणीचं स्वस्त कापड आणायला सुरुवात केली. त्याआधी इलोइलो हातमागासाठी प्रसिद्ध होतं, घरोघरी माग, ते बसले. पुढचं मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. साखरेवाले श्रीमंत झाले, विणकर उसाच्या मळ्यात गेले. मियागाओत अजून थोडे हातमाग चालतात, हाब्लोन म्हणतात त्या कापडाला, घ्यायचं असेल तर तिथे घ्या, विमानतळावर नको.

मोलोला आलात तर पान्सित मोलो खाल्ल्याशिवाय जाऊ नका. मोलो ही जुनी चिनी वस्ती, त्यामुळे पातळ पारीत खिमा भरलेल्या पुरचुंड्या, कोंबडीच्या रश्शात, वरून तळलेला लसूण. लसूण भरपूर. आणि ला पाझचं बाचॉय. ला पाझ हा शहराचाच एक भाग, तिथल्या मंडईत ते सुरू झालं, नक्की कुणी सुरू केलं ह्यावर वाद आहेत आणि त्या वादात परक्यानं पडू नये. पिवळ्या नूडल्स, डुकराची कलेजी, आतडी, हाडांचा रस्सा, त्यात गिनामोस म्हणजे कोळंबीचं खारवलेलं वाटण, वर चिचारोनचा, म्हणजे डुकराच्या कुरकुरीत तळलेल्या कातडीचा, चुरा, पातीचा कांदा, तळलेला लसूण, आणि सगळ्यात वर हाडातला मगज. गरम रस्सा परत मागितला की परत देतात. सोबत पुतो, म्हणजे तांदळाचा वाफवलेला गोडसर मऊ तुकडा, तो रश्शात बुडवायचा. हे सकाळी सकाळी खातात. मी पण खाल्लं. दुपारी जेवलो नाही.

काबातुआन गावी तिनुओम, म्हणजे गावठी कोंबडी, टोमॅटो, कांदा, गवती चहा, सगळं केळीच्या पानात पुरचुंडी बांधून वाफवलेलं, पान सोडलं की वास टेबलभर. त्यातला रस्सा भातावर ओतायचा. ह्याच्याबद्दल जास्त लिहीत नाही, स्वतः खा.

आता बायकोचं काय झालं. खरं सांगायचं तर शाकाहारी माणसाला सोपं नाही, ह्यात तुमच्या लेखकाशी मी अर्धा सहमत आहे. भाजीत सुद्धा डुकराचा तुकडा नाहीतर सुकी मासळी असतेच. पण हाल? हाल नाही. लास्वा नावाची भाजी आहे, भेंडी, भोपळा, वांगं, शेवग्याचा पाला, मायाळू, सगळं नुसत्या पाण्यात शिजवलेलं, मसाला काहीच नाही. कोळंबी घालतात त्यात, पण आधी सांगितलं तर वेगळी करून देतात, आमच्या खानावळवालीनं दुसऱ्या दिवसापासून न सांगता वेगळं पातेलं ठेवलं. इबोस, म्हणजे चिकट तांदूळ नारळाच्या दुधात, झावळीच्या पानात वळून शिजवलेले, सोबत आंबा. बाये बाये, कोवळ्या भाताचे पोहे आणि कोवळं खोबरं एकत्र कांडून केलेलं. (बघा, पोहे तिथेही आहेत, फक्त बसमधून उतरायला लागतं.) शहरातल्याच आरेवालो भागात एका जुन्या वाड्यात दाट चॉकलेट मिळतं, कोकोच्या वड्या उकळून लाकडी रवीनं घुसळलेलं, छोट्या कपात, त्यासोबत बिस्कोचो म्हणजे लोणी साखर लावून दोनदा भाजलेला पाव. समोरच्या गिमारास बेटावरचे आंबे, होडीनं जायला फार वेळ लागत नाही. त्या आंब्यांबद्दल मी इथे मत देणार नाही, मला आपल्या लोकांत राहायचंय.

पवित्र आठवड्यात गेलात तर आणखी वेगळं. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, लोक स्वतःच एका दिवसात सात चर्च बघत फिरतात, विसिता इग्लेसिया म्हणतात, अख्खं कुटुंब गाडीत, पोरंबाळं, म्हाताऱ्या आजी, प्रत्येक ठिकाणी थोडी प्रार्थना, मग पुढचं गाव, वाटेत खाणं. म्हणजे चर्च बघत आणि खात फिरणं हा काही माझ्यासारख्या रिकामटेकड्याचा शोध नाही, तिथली रीतच आहे. त्या दिवसांत मांस वर्ज्य, घरोघरी नारळाच्या दुधात रताळं, केळी आणि साबुदाणा शिजतो. बायकोला तिथे त्याच दिवसांत परत जायचंय, कारण विचारू नका.

तेव्हा तुमच्या पुरवणीवाल्यांना सांगा, पुढच्या वेळी फोटो मियागाओचाच छापा, आणि लेखकाला पाठवायचंच असेल तर मोहोन टर्मिनलवरून जीपनीनं पाठवा, परतीची वेळ न ठरवता. आणि जे वाचक स्वतः जातील त्यांना एकच, मास चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, संपेपर्यंत. फोटो नंतर निघतात. खांदे गुडघे झाकलेले असू देत.

कळावे,
आपला एक जुना वाचक

ता.क. व्हिसाचं विचारतील म्हणून लिहितो, जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्यांना १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग मात्र जवळ ठेवा, आणि पासपोर्टची मुदत सहा महिने तरी हवी. निघण्याआधी नियम एकदा तपासून घ्या, बदलत असतात.

आणि शाकाहारींसाठी. "वाला सांग कार्ने" म्हणजे मांस नको, एवढंच म्हणून थांबू नका, कारण कोळंबी आणि मासा तिथे कुणी मांसात धरत नाही. पुढे "वाला सांग गिनामोस" पण जोडा, आणि तरी झाकण उचलून आत बघाच.